पीएचवरून सौम्य आम्लाचा विचरण स्थिरांक कसा काढावा

पाण्यात ०.१०० मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले, तर त्या द्रावणाचा पीएच, म्हणजे हायड्रोजन आयन वाढले की कमी होणारा आकडा, १ च्या आसपास भरतो. तेवढ्याच संहतीचे ॲसिटिक आम्ल घेतले, तर तो २.८८ च्या जवळ येतो. दोन्ही द्रावणांत लीटरमागे आम्लाचे सारखेच मोल टाकलेले असूनही पहिल्यात हायड्रोजन आयन दुसऱ्याच्या सुमारे ७५ पट असतात, कारण हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सगळे रेणू पाण्यात विलग होतात, तर ॲसिटिक आम्लाच्या शंभर रेणूंपैकी जेमतेम एकदीड रेणू विलग होतो. हे विलग होणे किती, हे सांगणारा आकडा म्हणजे आम्लाचा विचरण स्थिरांक. तो पीएचवरून कसा काढायचा, हे येथे पायरीपायरीने सांगितले आहे. वाचकाला मोल, रेणुता आणि लॉगॅरिदम या संज्ञा ठाऊक आहेत, एवढेच गृहीत धरले आहे.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. यासाठी लागणारे सूत्र एका ओळीचे आहे आणि ते चुकीचे लिहिणारे विद्यार्थी फार थोडे असतात. उत्तर बिघडते ते त्या सूत्रात घातलेल्या पीएचमुळे, कारण पीएचमधील चूक या गणितात वर्ग होऊन शिरते. म्हणून या लेखात सूत्रापेक्षा पीएचच्या आकड्यावर अधिक वेळ घालवला आहे.

चिन्हे आणि त्यांचा अर्थ

एका रेणूमागे एकच हायड्रोजन आयन देणाऱ्या सौम्य आम्लाला आपण एचए म्हणू. पाण्यात त्याचा समतोल असा लिहितात:

एचए ⇌ एच⁺ + ए⁻

काटेकोरपणे पाहिले तर सुटा हायड्रोजन आयन पाण्यात तसाच राहत नाही, तो पाण्याच्या रेणूला चिकटून हायड्रोनियम आयन होतो. परंतु त्याने आपल्या आकडेमोडीत काहीही बदलत नाही, म्हणून येथे एच⁺ असेच लिहू. समतोल साधल्यावर तिन्ही घटकांच्या संहतींमध्ये जे प्रमाण कायम राहते, तोच विचरण स्थिरांक, आणि त्याचे चिन्ह केए:

केए = [एच⁺] × [ए⁻] ÷ [एचए]

चौकटी कंसाचा अर्थ ‘समतोलाच्या वेळची संहती, मोल प्रति लीटर’ असा आहे. ‘समतोलाच्या वेळची’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण छेदातील [एचए] म्हणजे बाटलीवर लिहिलेली संहती नव्हे, तर विलग न होता उरलेल्या आम्लाची संहती होय. केएचे मूल्य फार लहान असल्याने ते बहुधा पीकेए या रूपात देतात, आणि पीकेए म्हणजे केएच्या १० पायाच्या लॉगॅरिदमचे चिन्ह बदलून आलेली संख्या. आम्ल जितके सौम्य तितका केए लहान आणि पीकेए मोठा.

पीएच, म्हणजेच सामू, ही कल्पना सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. तिची व्याख्याही त्याच धर्तीची आहे: पीएच = −लॉग[एच⁺]. विचरण स्थिरांकाचे गणित मात्र त्याहून जुने आहे. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये विरलनाचा जो नियम मांडला, त्याचे सूत्र आणि खाली आपण वापरणार ते सूत्र एकच आहे. फरक इतकाच, की विलग झालेला अंश त्यांच्या काळी द्रावणाच्या विद्युतवाहकतेवरून काढत, आणि आपण तो पीएचवरून काढतो.

पायरी पहिली: आम्लाची मूळ संहती नक्की करा

आम्ल घन असेल तर काम सोपे असते. उदाहरणार्थ, बेंझोइक आम्लाचे मोलार वस्तुमान १२२.१२ ग्रॅम प्रति मोल आहे, त्याचे ०.६११ ग्रॅम वजन करून ते पाण्यात पूर्ण विरघळवले आणि मापाच्या फ्लास्कमध्ये एकूण आकारमान २५० मिलिलीटर केले, तर मोलसंख्या ०.६११ ÷ १२२.१२ = ०.००५००, आणि संहती ०.००५०० ÷ ०.२५० = ०.०२०० मोलार येते. येथे ‘२५० मिलिलीटर पाण्यात विरघळवणे’ आणि ‘द्रावणाचे आकारमान २५० मिलिलीटर करणे’ या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि आपल्याला दुसरी हवी आहे. बेंझोइक आम्ल थंड पाण्यात फार सावकाश विरघळते. तळाशी चार कण शिल्लक असताना पुढे गेलात, तर गणितातली संहती आणि द्रावणातली संहती वेगळी होते.

आम्ल द्रवरूप असेल, किंवा बाटलीवरील संहतीबद्दल शंका असेल, तर प्रमाणित सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करून, म्हणजे आम्ल पूर्ण उदासीन व्हायला ते किती लागते हे मोजून, संहती काढावी. या मूळ संहतीला आपण ‘सं’ म्हणू.

दिलासा देणारी बाब अशी, की संहतीतील चूक केएमध्ये वर्ग होऊन येत नाही. संहती २ टक्क्यांनी चुकली तर केए साधारण २ टक्क्यांनीच चुकतो. पीएचचे तसे नाही.

पायरी दुसरी: पीएच मोजा, आणि सावकाश मोजा

पीएचमधील ०.०१ चा फरक दिसायला क्षुल्लक असतो. पण पीएच हा लॉगॅरिदम असल्याने ०.०१ चा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीत २.३ टक्क्यांचा फरक, आणि केएच्या सूत्रात तीच संहती वर्ग होऊन येत असल्याने केएमध्ये जवळजवळ ४.७ टक्क्यांचा फरक. ०.०५ चुकलात तर केए सुमारे २६ टक्क्यांनी बदलतो, ०.१० चुकलात तर तो खऱ्या मूल्याच्या सुमारे १.६ पट तरी होतो किंवा तितक्याच पटीने लहान होतो. पीएच कागदाच्या रंगावरून अर्ध्या एककापर्यंतच अंदाज बांधता येत असेल, तर केएमध्ये एका बाजूला दहा पट आणि दुसऱ्या बाजूला दहा पट अशी अनिश्चितता राहते. म्हणून पीएच कागद किंवा वैश्विक दर्शक या कामासाठी वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ल तीव्र की सौम्य एवढे ओळखायला ते पुरेसे आहेत, स्थिरांक काढायला नाहीत.

पीएचमीटर वापरताना त्याचा काचेचा इलेक्ट्रोड प्रत्यक्षात विद्युतविभव मोजत असतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच एकाने बदलला की हा विभव तत्त्वतः ५९.१६ मिलिव्होल्टने बदलतो, म्हणजे एका मिलिव्होल्टची गफलत पीएचमध्ये ०.०१७ ची आणि केएमध्ये सुमारे ८ टक्क्यांची चूक घडवते. हे लक्षात घेतले की मीटर आधी अंशांकित करून, म्हणजे ठाऊक पीएचच्या द्रावणांशी जुळवून, घेण्याचा आग्रह का धरतात ते कळते. सौम्य आम्लांच्या द्रावणांसाठी ७.०० आणि ४.०१ पीएचची दोन बफर द्रावणे, म्हणजे पीएच सहजी न बदलणारी द्रावणे, पुरतात. ती ताजी असावीत, आणि एकदा चंचुपात्रात ओतलेले बफर पुन्हा बाटलीत ओतू नये.

प्रत्येक मापनापूर्वी इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा आणि मऊ कागदाने नुसता टिपून घ्यावा, घासू नये, कारण घासल्याने काचेवर स्थितिक विद्युतभार जमतो आणि आकडा बराच वेळ हलत राहतो. द्रावण हलकेच ढवळावे, आकडा दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत स्थिर होऊ द्यावा आणि मगच लिहावा. मी स्वतः तीन वेगवेगळ्या भागांवर तीनदा मोजतो. तीन आकड्यांत ०.०२ पेक्षा अधिक अंतर पडले तर त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नसतो, आधी इलेक्ट्रोड तपासावा लागतो. द्रावणाचे तापमानही लिहून ठेवावे, कारण केए तापमानावर अवलंबून असतो आणि तक्त्यांतील मूल्ये बहुधा २५ अंश सेल्सिअसची असतात.

पायरी तिसरी: पीएचवरून हायड्रोजन आयनांची संहती काढा

[एच⁺] = १०^(−पीएच)

गणकयंत्रावर लॉगच्या कळीचे उलट कार्य, म्हणजे दहाचा घात, वापरावे आणि पीएचचा आकडा ऋण चिन्हासह द्यावा. येथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, ऋण चिन्ह विसरणे. तसे झाल्यास २.८८ पीएचसाठी उत्तर ७५८.६ येते, आणि लीटरमध्ये इतके मोल मावणारच नाहीत हे उघड असल्याने ही चूक लगेच पकडली जाते. दुसरी चूक अधिक लबाड आहे: दहाच्या पायाच्या लॉगऐवजी नैसर्गिक लॉगची कळ दाबली जाते आणि ०.०५६ असे, दिसायला शक्य वाटणारे उत्तर मिळते.

लॉग तक्ते वापरणाऱ्यांनी −२.८८ ही संख्या −३ + ०.१२ अशी मांडावी. ०.१२ चा प्रतिलॉग १.३१८ आहे, म्हणून [एच⁺] = १.३१८ × १०⁻³ मोल प्रति लीटर. गणकयंत्र असले तरी ही मांडणी एकदा हाताने करून पाहावी, कारण तिच्यामुळे एक गोष्ट नीट कळते: पीएचमधील दशांश चिन्हाच्या डावीकडचा अंक फक्त दहाचा घात ठरवतो, आणि संहतीचे सार्थ अंक उजवीकडच्या अंकांतून येतात. २.८८ या पीएचमध्ये सार्थ अंक तीन नव्हेत, दोनच. शेवटचे उत्तरही म्हणूनच दोन सार्थ अंकांत द्यावे. मधल्या पायऱ्यांत मात्र एकदोन अंक जास्तीचे ठेवावेत.

पायरी चौथी: समतोलाचा हिशेब मांडा

विलग झालेल्या आम्लाच्या संहतीला क्ष म्हणू. सुरुवातीला आम्लाची संहती सं, आणि एच⁺ व ए⁻ यांची शून्य. आम्लाचे क्ष मोल विलग झाले की एच⁺ चे क्ष आणि ए⁻ चे क्ष मोल तयार होतात, आणि एचएचे सं − क्ष मोल उरतात. पाण्यातून येणारे हायड्रोजन आयन येथे नगण्य मानले आहेत. ते केव्हा नगण्य नसतात ते पुढे पाहू. तेव्हा

केए = क्ष² ÷ (सं − क्ष)

आणि क्ष म्हणजे तिसऱ्या पायरीत काढलेली हायड्रोजन आयनांची संहतीच होय. [ए⁻] आपण मोजलेले नसते, तरी ते [एच⁺] इतकेच असणार हे आपल्याला ठाऊक असते, कारण एक आम्लरेणू तुटला की दोन्ही आयन जोडीनेच बाहेर पडतात. हे खरे असण्यासाठी एक अट आहे: द्रावणात केवळ ते आम्ल आणि पाणी असले पाहिजे. त्यात आम्लाचे मीठ, दुसरे एखादे आम्ल किंवा थोडे जरी अल्क मिसळलेले असेल, तर ही समानता मोडते आणि वरचे सूत्र लागू पडत नाही. सौम्य आम्ल आणि त्याचेच मीठ असलेल्या बफर द्रावणाचा पीएच घेऊन तो याच सूत्रात घालणारे विद्यार्थी अनेकदा भेटतात, आणि त्यांची आकडेमोड अगदी बिनचूक असते.

पायरी पाचवी: किमती घाला

०.१०० मोलार ॲसिटिक आम्लाचा पीएच २.८८ आहे. क्ष = १.३१८ × १०⁻³. त्याचा वर्ग १.७३७ × १०⁻⁶. छेद ०.१०० − ०.००१३१८ = ०.०९८७. म्हणून केए = १.७३७ × १०⁻⁶ ÷ ०.०९८७ = १.७६ × १०⁻⁵, आणि दोन सार्थ अंकांत १.८ × १०⁻⁵. पीकेए ४.७५ येतो. तक्त्यांत ॲसिटिक आम्लाचा पीकेए २५ अंशांना ४.७६ दिलेला असतो, म्हणजे मापन चांगले झाले.

क्ष ला सं ने भागले की विचरण मात्रा मिळते: ०.००१३१८ ÷ ०.१०० = ०.०१३२, म्हणजे १.३ टक्के. लेखाच्या सुरुवातीला शंभरातील एकदीड रेणू म्हटले होते ते हेच.

पायरी सहावी: छेदातील क्ष वगळू नका

पाठ्यपुस्तकांत असे वाचायला मिळते, की विचरण ५ टक्क्यांहून कमी असेल तर सं − क्ष ऐवजी नुसते सं घ्यावे. वरच्या उदाहरणात तसे केले असते तर केए १.७४ × १०⁻⁵ आला असता, आणि तो फरक दीड टक्क्याहूनही कमी आहे. आता ०.०१०० मोलार फॉर्मिक आम्ल घ्या, ज्याचा पीएच २.९० आहे. क्ष = १.२५९ × १०⁻³, वर्ग १.५८५ × १०⁻⁶. छेदातून क्ष वजा केले तर ०.००८७४ उरतात आणि केए १.८१ × १०⁻⁴ येतो, पीकेए ३.७४, तक्त्यातील मूल्य ३.७५ आहे. क्ष वजा केले नाही तर केए १.५८ × १०⁻⁴ येतो आणि सुमारे १३ टक्के कमी भरतो. येथे विचरणच १२.६ टक्के आहे, त्यामुळे हे होणारच होते.

मला विचाराल तर पीएचवरून केए काढताना ही सवलत घ्यावीच लागत नाही. ती सवलत उलट दिशेच्या गणितासाठी आहे. केए आणि संहती दिली असून पीएच काढायचा असतो तेव्हा क्ष अज्ञात असतो, वर्गसमीकरण सोडवावे लागते, आणि ते टाळण्यासाठी छेदातील क्ष सोडून देतात. आपल्याकडे क्ष आधीच हातात आहे. एक वजाबाकी वाचवण्यासाठी उत्तर बिघडवण्याचे कारण नाही. सवलतीच्या सूत्राचा एक उपयोग मात्र मी करतो, तो म्हणजे तोंडी पडताळ्याचा. त्या सूत्राचा लॉग घेतला की

पीकेए ≈ २ × पीएच + लॉग(सं)

असे मिळते. ॲसिटिक आम्लासाठी २ × २.८८ = ५.७६, लॉग ०.१०० = −१, म्हणून पीकेए ४.७६. गणकयंत्रावरचे उत्तर यापासून फार दूर असेल, तर बहुधा कुठेतरी कळ चुकीची दाबली गेली आहे. पीएचला दोनाने गुणलेले येथे उघड दिसते. पीएचमधील चूक दुप्पट होऊन पीकेएत उतरते, असे जे वर म्हटले ते याच दोनामुळे.

छेद शून्याच्या जवळ आला किंवा ऋण झाला, तर गणित थांबवावे. समजा ०.०१०० मोलार आम्लाचा पीएच नेमका २.०० आला, तर क्ष आणि सं सारखेच होतात, छेद शून्य होतो आणि केए निघतच नाही. याचा अर्थ आम्ल तीव्र आहे, त्याचे सगळेच रेणू विलग झालेले आहेत, आणि ही पद्धत त्याच्यासाठी नाही. सौम्य म्हणून दिलेल्या आम्लाबाबत असे झाले, तर संहती काढताना दशांश चिन्ह सरकले असण्याची शक्यता आधी तपासावी.

पायरी सातवी: द्रावण दहा पट विरल करून पुन्हा मोजा

एकाच द्रावणावरून काढलेल्या केएवर मी विसंबत नाही. त्याच आम्लाचे १०.०० मिलिलीटर पिपेटने घेऊन मापाच्या फ्लास्कमध्ये १०० मिलिलीटर करावेत आणि पुन्हा पीएच मोजावा. ॲसिटिक आम्लाच्या ०.०१०० मोलार द्रावणाचा पीएच ३.३९ आला, तर क्ष = ४.०७ × १०⁻⁴, वर्ग १.६६ × १०⁻⁷, छेद ०.००९५९, आणि केए १.७ × १०⁻⁵. पहिल्या उत्तराशी हे जुळते, कारण दोन उत्तरांतील फरक पीएचच्या शेवटच्या अंकातील अनिश्चिततेत मावतो.

या दोन मापनांत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. संहती दहाव्या हिश्शावर आली तरी पीएच एकाने वाढला नाही, जेमतेम अर्ध्याने वाढला. तीव्र आम्ल असते तर तो जवळजवळ पूर्ण एकाने वाढला असता. सौम्य आम्ल विरल केले की त्याची विचरण मात्रा वाढते, येथे ती १.३ वरून ४.१ टक्क्यांवर गेली, आणि त्यामुळे हायड्रोजन आयनांची घट काही अंशी भरून निघते. ओस्टवाल्ड यांचा विरलनाचा नियम म्हणतात तो हाच. दोन संहतींवरून काढलेले केए एकमेकांशी जुळत नसतील आणि पीएचमीटरवर शंका घेण्याजोगे काही नसेल, तर द्रावणात दुसरे काहीतरी मिसळलेले आहे असे समजावे.

अतिसौम्य आणि अतिविरल द्रावणे

विरलन किती करावे याला मर्यादा आहे. पाणी स्वतःही अत्यल्प प्रमाणात विलग होते, आणि २५ अंशांना त्याच्या दोन आयनांच्या संहतींचा गुणाकार १.० × १०⁻¹⁴ असतो. पीएच ६ च्या खाली असेल तोवर पाण्याचा वाटा विसरायला हरकत नाही. त्याच्या वर गेल्यास हिशेब बदलतो, कारण मोजलेले सगळे हायड्रोजन आयन आम्लातून आलेले नसतात. तेव्हा अंशातून पाण्याचा गुणाकार वजा करावा लागतो:

केए ≈ ([एच⁺]² − १.० × १०⁻¹⁴) ÷ सं

१.० × १०⁻⁴ मोलार बोरिक आम्लाचा पीएच ६.५८ धरला, तर [एच⁺] = २.६३ × १०⁻⁷ आणि त्याचा वर्ग ६.९२ × १०⁻¹⁴. साध्या सूत्राने केए ६.९ × १०⁻¹⁰ येतो. पाण्याचा वाटा वजा केल्यावर तो ५.९ × १०⁻¹⁰ होतो, आणि हे मूल्य तक्त्यातील पीकेए ९.२४ शी बऱ्यापैकी जुळते. बोरिक आम्ल स्वतःचा हायड्रोजन आयन देत नाही, ते पाण्यातील हायड्रॉक्साइड आयन ओढून घेते आणि हायड्रोजन आयन मागे राहतो. गणित मात्र तेच राहते.

हे उदाहरण कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे उघड्या भांड्यातील शुद्ध पाण्याचाच पीएच सुमारे ५.६ पर्यंत उतरतो, आणि अशा पाण्यात केलेल्या अतिविरल बोरिक आम्लाच्या द्रावणात मीटर जे मोजेल ते मुख्यतः कार्बोनिक आम्लच असेल. नवख्यांनी म्हणून ०.१ ते ०.०१ मोलार संहतीत आणि ३ ते ५ पीकेए असलेल्या आम्लांवर हात बसवावा.

एकाहून अधिक हायड्रोजन देणारी आम्ले

एका रेणूमागे दोन किंवा तीन हायड्रोजन आयन देणाऱ्या आम्लांना प्रत्येक टप्प्याचा स्वतंत्र स्थिरांक असतो. कार्बोनिक आम्लाचे दोन पीकेए ६.३५ आणि १०.३३ असे एकमेकांपासून दूर आहेत, त्यामुळे अशा आम्लात पहिला टप्पाच पीएच ठरवतो आणि वरच्या पद्धतीने पहिला स्थिरांक निघतो. दुसऱ्याबद्दल मात्र त्या मापनातून काहीच कळत नाही. सायट्रिक आम्लाचे पीकेए ३.१३, ४.७६ आणि ६.४० असे जवळजवळ आहेत. तेथेही शुद्ध आम्लाच्या पुरेशा संहत द्रावणावरून पहिला स्थिरांक ठीक येतो, परंतु अनुमापनाच्या आलेखात टप्पे एकमेकांत मिसळतात आणि ते नजरेने वेगळे करता येत नाहीत.

अर्ध्या उदासिनीकरणाची पद्धत

आम्लाची संहती ठाऊक नसेल तरी केए काढता येतो. आम्लाचे निश्चित आकारमान शंकूपात्रात किंवा चंचुपात्रात घेऊन ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड थोडे थोडे सोडावे, दरवेळी पीएच लिहावा आणि आलेख काढावा. पीएच एकदम उसळी घेतो त्या जागी आम्लाचे पूर्ण उदासिनीकरण झालेले असते. तेथवर जितके अल्क लागले, त्याच्या बरोबर निम्मे पडले असताना अर्धे आम्ल एचए रूपात आणि अर्धे ए⁻ रूपात असते, केएच्या सूत्रातील [ए⁻] आणि [एचए] एकमेकांना छेदून जातात, आणि उरते ते पीकेए = पीएच. २५.०० मिलिलीटर अल्काला उसळी आली असेल, तर १२.५० मिलिलीटरजवळचा पीएच आलेखावरून वाचायचा, बस्स.

या पद्धतीत पीएचमधील चूक दुप्पट होत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. शिवाय त्या भागात आलेख बराच सपाट असल्याने ब्युरेटच्या वाचनातील एखाद्या थेंबाची चूकही फारशी जाणवत नाही. तरीही एक गोष्ट नवख्यांना हमखास गोंधळात टाकते. ०.१०० मोलार ॲसिटिक आम्लाचे ०.१०० मोलार सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन केले, तर निम्म्यावर पीएच ४.७६ ऐवजी ४.६८ च्या आसपास दिसतो, आणि त्यावरून केए २.१ × १०⁻⁵ निघतो. विद्यार्थी स्वतःला दोष देतात, इलेक्ट्रोड पुन्हा अंशांकित करतात, आणि आकडा पुन्हा तोच येतो. दोष त्यांचा नसतो. निम्म्या उदासिनीकरणावर द्रावणात सोडियम आणि ॲसिटेट आयन भरपूर झालेले असतात, त्या आयनांच्या परस्पर आकर्षणामुळे ॲसिटेटची परिणामकारक संहती मोजलेल्या संहतीपेक्षा कमी ठरते, आणि पीएच तेवढा खाली येतो. शुद्ध आम्लाच्या द्रावणात आयन मुळातच थोडे असतात. त्यातही मीटर हायड्रोजन आयनांची परिणामकारक संहतीच दाखवतो आणि जोडीच्या ॲसिटेट आयनांवर तोच परिणाम तेवढाच झालेला असतो, त्यामुळे अंशात क्ष चा वर्ग घेतला की ही दुरुस्ती आपोआपच होऊन जाते.

म्हणून माझा क्रम असा असतो: संहती खात्रीने ठाऊक असेल आणि मीटर नीट अंशांकित असेल, तर शुद्ध आम्लाच्या पीएचवरून केए काढावा, संहतीबद्दल शंका असेल तर अनुमापन करावे, त्यातून संहतीही घ्यावी आणि निम्म्यावरचा पीएचही, आणि दोन्ही वाटांनी आलेले पीकेए शेजारी शेजारी लिहावेत. त्यांत ०.१ पर्यंतचे अंतर वर सांगितलेल्या कारणाने येऊ शकते. अर्ध्या एककाचे अंतर आले, तर वजन, फ्लास्क आणि बफर या तिन्हींची पुन्हा तपासणी करावी.

सरावासाठी पहिल्या पायरीतील बेंझोइक आम्लच घ्या. त्याची संहती ०.०२०० मोलार आहे आणि पीएच २.९६ मोजला गेला. क्ष १.०९६ × १०⁻³, छेद ०.०१८९, केए ६.४ × १०⁻⁵, पीकेए ४.२० असे तुमच्या कागदावर उतरले पाहिजे. केए ६.० × १०⁻⁵ आला असेल, तर तुम्ही छेदातून क्ष वजा केलेले नाही.